न दुखणारी गाठ

फालेतावा, सावाई बेट
२४ फेब्रुवारी १९८३

फेरेती,

मोठ्या बहिणीचा आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचा तर घे, नाहीतर दाराबाहेर ठेव, तिथेही तो खराब व्हायचा नाही.

सहा वर्षांपूर्वी बसमध्ये चढताना तू मागे न बघता म्हणाला होतास, "आक्का, पोरीला काही झालं तरच लिही. नाहीतर लिहू नकोस." मी शब्द पाळला. आज लिहिते आहे म्हणजे तुझ्या छातीत धस्स होणार, म्हणून आधीच सांगते, घाबरण्यासारखं काही नाही. तुझ्या आसेनातीला एक गाठ आली आहे. खांद्याजवळ, कोकोच्या बीएवढी. दुखत नाही, खुपत नाही. गोळीमुळे आली आहे.

गोळी कसली, तर मूमूची. मूमू म्हणजे काय हे तुला मी काय सांगू? लहानपणी माझ्या डाव्या पायाला तू बोटीचा नांगर म्हणायचास. पुस्तकात त्याला हत्तीपाय म्हणतात म्हणे. हत्ती मी चित्रातच पाहिलाय, पण नाव ठेवणाऱ्याने माझा पाय बघितला असणार.

तर यंदा सरकारने साऱ्या देशाला गोळ्या द्यायचं ठरवलं, आणि आपल्या गावात ते काम बायकांच्या कमिटीकडे आलं. कमिटीची प्रमुख कोण, तर तुझी बहीण. नर्स लेआटाने आम्हांला आठ दिवस शिकवलं. अंगात रक्ताखेरीज आणखी एक पाणी फिरतं, त्याला लसिका म्हणतात. तिच्या केसासारख्या बारीक वाहिन्या असतात, आणि वाटेत जागोजागी गाठी, गाळणीसारख्या. आपला डास दिवसाढवळ्या चावतो आणि जंताची पिलं सोडून जातो. ती मोठी होऊन या वाहिन्यांत बिऱ्हाड करतात. ओहोटीला खडकांच्या फटींतून पाणी परत जातं ना, तसंच हे. फटीत शेवाळ अडकलं की मागे डबकं साचतं. माझा पाय हे असलं डबकं. चाळीस वर्षं मी त्याला देवाची शिक्षा समजत होते. लेआटा म्हणाली, "शिक्षा नाही, प्लंबिंग आहे." मला इतकं हसू आलं!

गोळी वजनावर द्यायची असते. वजनकाटा नव्हता म्हणून खोबरं तोलायचा काटा फणसाच्या फांदीला टांगला, खाली दोरीची झोळी बांधली आणि रविवारी प्रार्थनेनंतर सारं गाव तोललं. डीकन सेमीसी झोळीत बसले आणि फांदी वाकली. कमिटीतली मातिल्दा ओरडली, "डीकनसाहेब, एवढा माल एकाच बोटीत नाही जायचा!" पाद्रीबाईसुद्धा हसल्या.

लेआटाने बजावलं होतं, गोळीनंतर ताप येईल, गाठी सुजतील. त्याला भ्यायचं नाही. जंत मरतायत, औषध लागू पडतंय, असं समजायचं. हे मी घरोघर जाऊन सांगितलं. आता माझ्याच घरात गाठ आली तर मी घाबरून कसं चालेल?

तुला कळवलं. माझं काम झालं.

तेलेसिया आक्का

---

फालेतावा
१० एप्रिल १९८३

फेरेती,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मी प्रश्न तरी कुठे विचारला होता?

आसेनातीची गाठ अजून आहे. शेजारी आणखी एक आली आहे. ताप येतो, चार दिवस राहतो, जातो, पुन्हा येतो. मूमूचा तापही असाच असतो. जरा बारीक झाली आहे, पण सतराव्या वर्षी पोरी होतातच. अंगाला खाज सुटते म्हणून कुणी पाहत नसलं की दाराच्या खांबाला पाठ घासते, शेजारच्या म्हातारीच्या डुकरासारखी. मी म्हटलं, "अगं, खांब पडेल, तो तुझ्या आजोबांनी रोवलाय." तर म्हणते, "पडू दे आत्या, बाबा येऊन पुन्हा रोवतील." तुझं नाव अशी अधूनमधून काढते. मुद्दाम काढते की सहज, मला कळत नाही.

घामाने तिची चटई सकाळी पिळायची वेळ येते. यंदा उकाडा फार आहे.

आई बरी आहे. दिसत नाही आता काहीच. तू तारोच्या शेतात गेला आहेस असं धरून चालते आणि संध्याकाळी विचारते, फेरेती हात-पाय धुऊन आला का? मी म्हणते, आला.

एक गंमत सांगते. मागच्या महिन्यात गोळीची दुसरी फेरी होती. बायका कुरकुर करत होत्या. पहिल्या गोळीने डोकं फिरलं, ओकाऱ्या झाल्या, आता नको. मी आसेनातीला कमिटीच्या चौथऱ्यावर उभं केलं, तिचे केस वर धरले आणि म्हटलं, "या, हात लावून बघा. याला म्हणतात औषध लागू पडणं. जंत मरतोय आत." एकेक बाई येऊन चाचपून गेली. मातिल्दा म्हणाली, "तेलेसिया, ही गाठ माझ्या नवऱ्यापेक्षा मेहनती दिसते." सगळ्या हसल्या, आसेनातीही हसली, आणि सगळ्यांनी गोळ्या गिळल्या. एकीनेही थुंकली नाही. शेजारच्या गावात निम्म्या बायकांनी कमरेच्या लावालावाच्या गाठीत बांधून घरी नेल्या म्हणे.

एवढंच.

तेलेसिया आक्का

---

फालेतावा
२९ मे १९८३

फेरेती,

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं. मूमूचा ताप आला होता म्हणून राहिलं, असं लिहिणार होते. ताप आला होता हे खरं आहे, पण पत्र राहिलं ते त्यामुळे नव्हे.

नर्स लेआटा फेरीवर आली होती. कमिटीघरात तिला कोको दिला, टरफलासकट उकडलेला खेकडा दिला. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, पूर्ण गावाने दोन्ही गोळ्या घेतल्या. ती फार खूश झाली. मग आसेनाती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि लेआटाचा हात खाताखाता थांबला.

"इकडे ये गं. मान वर कर."

तिने हात धुतले. दोन्ही हातांनी मान चाचपली, मग काख, मग जांघ. मग पोटावर डाव्या बाजूला फासळ्यांच्या खाली बोटं दाबली. बराच वेळ.

"कधीपासनं आहे?"

"गोळीनंतर आली," मी म्हटलं.

"आत्या, गोळीच्या आधी होती ना," आसेनाती म्हणाली. "नाताळात गाण्याच्या वेळी कॉलर लागत होती. मी म्हटलं होतं तुला."

म्हणाली असेल. मला आठवत नाही, आणि आठवत नाही असं तिच्यासमोर म्हणायचीही मला लाज वाटली.

"दुखते?" लेआटाने विचारलं.

"नाही."

"दुखायला हवी होती," लेआटा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तेलेसिया, मूमूची गाठ जांघेत येते, काखेत येते. दुखते, लाल होते, आठवड्याने बसते. मानेत येत नाही. मी शिकवलं होतं ना तुम्हांला?"

शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी, फळ्यावर माणूस काढून, खडूने ठिपके देऊन. मी तुला पहिल्या पत्रात खांद्याजवळ असं लिहिलं. खांद्याजवळ नव्हती, फेरेती. गळ्याच्या हाडाच्या वर होती, मानेतच. लिहिताना माझा हात आपसूक खाली सरकला.

आपल्या गावात गाठ कुणाला नाही? लहानपणापासून एकमेकांच्या गाठी बघत वाढलो आपण. कुठल्या दुसऱ्या देशात बाईने पोरीच्या मानेत गाठ पाहिली असती तर तिने त्याच दिवशी डॉक्टर गाठला असता. आम्ही हसलो, तिला चौथऱ्यावर चढवलं.

परवाच्या बोटीने तिला आपियाच्या मोठ्या इस्पितळात नेते आहे. आईजवळ मातिल्दा राहील.

तू पत्रं वाचतोस की तशीच चुलीत घालतोस हे मला ठाऊक नाही. हे वाच.

आक्का

---

आपिया
२७ जून १९८३

फेरेती,

चुलतभावाच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. आसेनाती आत झोपली आहे.

इथे तिच्या मानेतल्या गाठीचा तुकडा काढला आणि तपासायला तुमच्याच ऑकलंडला पाठवला. छातीचा फोटो काढला. त्यात दोन्ही फुप्फुसांच्या मधे सावली आहे, तिथेही गाठी आहेत. पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे. आज उत्तर आलं. डॉक्टर आपलाच माणूस आहे, उपोलू बेटावरचा, वयाने तुझ्याएवढा. त्याने आसेनातीला बाहेर बसवून मला सांगायला सुरुवात केली तर ती दारातून म्हणाली, "गाठ माझी आहे, आत्याची नाही. मी पण ऐकणार." मग तो दोघींशीही बोलला.

हा जंताचा रोग नाही. लसिकेच्या गाठींचाच कॅन्सर आहे. ज्या गाठी रोग अडवायला असतात, त्यांनाच झालेला.

मी विचारलं, "कुठल्या डासाने?"

"कुठल्याच नाही, बाई."

"मग कुणी दिला?"

"कुणीच नाही."

माझ्या पायाला निदान डास तरी आहे, जंत तरी आहे. चाळीस वर्षं शिव्या घालायला काहीतरी आहे. या पोरीच्या आजाराला कुणीच नाही.

गोळीने काही बिघडलं का, हेही मी विचारलं. नाही म्हणाला. उशिराने बिघडलं का? यावर त्याने आसेनातीकडे बघितलं आणि म्हणाला, "अजून उशीर झालेला नाही." चांगला माणूस आहे. त्याला खोटं नीट बोलता येत नाही.

यावर औषध आहे. शिरेतून देतात, चार प्रकारची, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने, सहा महिने. ते इथे नाही. तुझ्या घरापासून बसने जाता येईल अशा इस्पितळात आहे. बाप तिथला रहिवासी असेल तर पोरीला येऊ देतात, असं डॉक्टर म्हणाला. त्याने "बाप आहे का?" असं विचारलं तेव्हा आसेनातीने माझ्याकडे पाहिलं आणि मी "आहे" म्हटलं.

सहा वर्षांपूर्वी तू नव्या बायकोला घेऊन आला होतास. वडीलधाऱ्यांपुढे बसून पोर मागितलीस. मी नाही म्हटलं. आपल्यात भाऊ बहिणीच्या शब्दापुढे जात नाही, म्हणून तू उठलास, समोरचा कोको तसाच ठेवलास आणि निघालास. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. तिची आई बाळंतपणात गेली तेव्हा तू तिला माझ्या मांडीवर ठेवलंस आणि तीन आठवड्यांत विमानात बसलास. तू मागायला आलास तेव्हा अकरा वर्षांची पोर, तुझं तोंड न ओळखणारी, माझ्या लावालावाला धरून उभी होती. मी बरोबर होते. आजही तेच म्हणेन.

पण आज तिला घे. बहिणीचा हुकूम म्हणून नाही. तुझ्या दारात येऊन उभी आहे असं समज.

तेलेसिया

---

आपिया
९ जुलै १९८३

फेरेती,

तुझी तार मिळाली. "पाठव." एवढाच शब्द. तारेला शब्दामागे पैसे पडतात हे मला माहीत आहे, पण तू पैसे पडले नसते तरी एवढंच लिहिलं असतंस. तरीही ती मी आसेनातीला दोनदा वाचायला लावली, आणि तिसऱ्यांदा तिने स्वतःहून वाचली.

हे पत्र तिच्याच पिशवीत आहे. पाकीट मी दोऱ्याने शिवून टाकलंय, कारण पोर माझ्याच हाताखाली वाढली आहे आणि डिंकाला ती जुमानत नाही. पाद्रीबाईंचा भाचा त्याच विमानाने येतो आहे, तो तिला तुझ्या हाती देईल.

तिच्याबद्दल सांगते, नीट वाच. तापात तिला कुणी कपाळाला हात लावलेला खपत नाही, पायाला लावलेला चालतो. उकडलेला तारो खाईल, भाजलेला नाही. तिला पोटात ढवळलं की गाणं म्हणते, तू समजशील मजेत आहे, पण तसं नसतं. विचारल्याशिवाय काही सांगत नाही आणि विचारलं की चिडते. तेव्हा विचारून, चिडू देऊन, थांबून राहा. मग सांगते. हे शिकायला मला बारा वर्षं लागली, तू तिला घेतलंस त्या दिवसापासून शीक.

सुसानाला सांग, मी तिच्याशी त्या वेळी नीट बोलले नाही. तुझ्या बायकोशी बोलण्यासारखं त्या दिवशी माझ्याकडे काही नव्हतं. आता पोरीला दोन बायका हव्या आहेत आणि मी इथे आहे.

विमानतळावर मी रडणार नाही. आसेनाती म्हणाली, "आत्या, पाय वर ठेवून बस, सुजेल." हे मी बायकांना सांगायचं, ते ती मला सांगते.

आक्का

---

फालेतावा
१८ सप्टेंबर १९८३

फेरेती,

तुझी तीन पत्रं मिळाली. तिन्ही मिळून माझ्या तळहातावर मावतात. "औषध सुरू झालं." "दुसरं झालं." "केस जातायत." अरे, वरचं तिकीट तरी मजकुरापेक्षा लहान असावं! सुसानाने मागे दोन ओळी लिहिल्या म्हणून कळलं की पोर औषधानंतर दोन दिवस बादली उराशी धरून बसते, आणि तू कारखान्यातून येऊन तिच्या दाराच्या चौकटीत उभा राहतोस. आत येत नाहीस.

आत का येत नाहीस?

तुला वाटतं, तिला तू परका. आहेसच. पण परक्या माणसालाही बादली धुता येते. आत जा, बादली घे, धू, परत ठेव. काही बोलू नकोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आपले वडील माझ्या मूमूच्या तापात हेच करायचे, एक शब्द न बोलता ओली फडकी बदलायचे. त्यांनी मला कधी लाडाने हाक मारल्याचं आठवत नाही, पण त्या फडक्याचा गारवा अजून आठवतो.

आणखी एक. तिचा डावा हात सुजलाय असं सुसाना लिहिते. डॉक्टरांनी बघितलंय, काखेतल्या गाठींमुळे लसिकेची वाट अडली आहे म्हणाले. त्यांचं ऐकाच. त्याशिवाय हात उशीवर उंच ठेवा, रोज साबणाने धुवा, बोटांच्या मधली जागा कोरडी करा, खोबरेल लावा. खरचटू देऊ नका. चाळीस वर्षांच्या पायाने शिकवलेलं आहे, ऑकलंडच्या डॉक्टरलाही विचारून घ्या, तो नाही म्हणाला तर करू नका.

गावात मी कमिटीचं पद सोडलं. कुणी मागितलं नव्हतं. उलट मातिल्दा भांडायला आली, "चुकलो सगळ्याच, हात सगळ्यांनी लावला होता, मग एकटीच कशाला उतरतेस?" मी म्हटलं, "केस वर मी धरले होते." ती माझ्या शेजारी बसली आणि मग दोघींनी मिळून एक पूर्ण चटई विणली. आता नर्स लेआटा आली की मी मागच्या रांगेत बसते आणि फळ्यावरचे ठिपके बघते. पोराटोरांना तोलून घ्यायला आवडतं म्हणून काटा मात्र अजून टांगलेलाच आहे.

आई विचारते, आसेनाती कुठे? मी म्हणते, फेरेतीबरोबर शेतात गेली आहे. "बरं झालं," म्हणते. "दोघं एकत्र आहेत ना?"

आक्का

---

फालेतावा
३ नोव्हेंबर १९८३

फेरेती,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. तुझ्या हाताने चार पानं लिहिलेली मी जन्मात पाहिली नव्हती. आसेनातीचंही त्याच टपालाने आलं. आधी तिचं वाचलं, मग तुझं, मग दोन्ही पुन्हा. मग बाहेर जाऊन बसले.

ती लिहिते:

"आत्या, मला घरी ने. तीन महिने झाले, तीन अजून आहेत. मी ते घेणार नाही. काल औषधाचा दिवस होता, मी खोलीला आतून कडी लावली. इथे डोक्यावर टोपी घालून झोपावं लागतं. औषधाचा वास पाण्यालासुद्धा येतो. गाठी गेल्या आहेत, मानेला काही लागत नाही, मग कशाला आणखी? बाबा बादली धुतात. चांगले आहेत. पण मला इथे मरायचं नाही. समुद्रात पालोलोच्या अळ्या वर आल्या असतील ना? तुम्ही सगळ्या कंबरभर पाण्यात जाळ्या घेऊन उभ्या असाल आणि मी खिडकीतून दुसऱ्याची भिंत बघते आहे. तू ये म्हणालीस तर मी उद्या येते. बाबा म्हणाले, आत्या म्हणेल तसं."

आणि तू लिहितोस, डॉक्टरांनी सांगितलं की गाठी विरल्या आहेत पण रोग गेलेला नाही. आत्ता थांबलं तर तो नक्की परत येईल, आणि परत आला की मग कुणाच्या हातात राहणार नाही. उरलेले तीन महिने पुरे केले तर निम्मी आशा. निम्मी. आणि शेवटी विचारतोस, "आक्का, ती तुझं ऐकते. मला तिच्यावर ओरडवत नाही, हक्क वाटत नाही. तू सांग. तिकीट काढू का?"

माझ्या मनात काय आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं तुला कळेल.

पालोलो येऊन गेला. परवा भल्या पहाटे. मी पाण्यात उतरले नाही, किनाऱ्यावर बसले. तिची चटई तिच्या जागी अंथरलेली आहे, आईलासुद्धा तिच्यावर बसू देत नाही मी. रोज झटकते. तिने "ये म्हण" लिहिलं ते वाचून माझे पाय बंदराकडे निघाले होते, खरंच सांगते, सुजलेला पायसुद्धा. आली तर आठ-दहा महिने मिळतील. समुद्र दिसेल तिला, तिच्या वाटणीचा तारो, आजीची बडबड. ती माझ्याजवळ असेल. अशा वेळी जवळ असेल.

तिकीट काढू नकोस.

निम्मी म्हणजे माझ्यासाठी पुष्कळ आहे. आपल्या घरात निम्मं कधी कुणाला मिळालं? तिच्या आईला तेवढंही मिळालं नव्हतं.

पण ती अशी ऐकणार नाही. तिला मी ओळखते. गोड बोललं की ती रडते आणि रडून झालं की स्वतःचंच खरं करते. टोचलं की उठते. आठ वर्षांची असताना पायाला प्रवाळ लागलं आणि महिनाभर पाण्यात उतरेना. समजावून समजावून मी हात टेकले. शेवटी म्हटलं, "बरं आहे, चुलीजवळ बस, तुला समुद्र नको तर समुद्रालाही तू नकोस." रडली नाही. उठली आणि थेट दगडावरून उडी मारली, मला दाखवायला. पोहत लांब गेली, तोवर माझा जीव टांगणीला.

म्हणून सोबत तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे. ती तिला दे. तू वाचलीस हे सांगू नकोस. ती चिठ्ठी वाचून माझ्यावर चिडेल, शिव्या देईल, कदाचित पुन्हा कधी लिहिणार नाही. तिला अडवू नकोस. माझी बाजू घेऊ नकोस. "तुझी आत्या तशीच आहे, मलाही तिने असंच घालवलं होतं," असं म्हणालास तरी चालेल. तेवढ्यावर तुम्हां दोघांचं जमलं तर बरंच. मग कडी काढायला सांग आणि इस्पितळात ने. ती रागाच्या भरात तीन महिने काढेल. राग धरायला अंगात जीव लागतो, तो तेवढा तिच्यात राहू दे.

तीन महिन्यांनी डॉक्टर चांगलं बोलले तर मग खरं सांगू की नको, ते तेव्हा बघू. वाईट बोलले तर सांगू नकोस. तिच्याजवळ तू असशील.

तू मला विचारलंस, याबद्दल मी तुला काही लिहिणार होते. राहू दे.

तुझी आक्का

---

आसेनाती,

पत्र मिळालं. येऊ नकोस.

इथे तुला सांभाळायला आता कुणाला सवड नाही. आईचं करायचं, घराचं करायचं, त्यात आजारी माणूस आणखी एक कशाला? तुझी जागा मी मातिल्दाच्या पुतणीला दिली आहे. ती पहाटे उठते, कुरकुर करत नाही.

औषध घ्यायचं नसेल तर घेऊ नकोस. मला वाटलंच होतं तुला झेपायचं नाही. गावात मी तसं सांगूनही ठेवलंय, म्हणजे पुढे कुणाला आश्चर्य वाटायला नको.

कडी लावून बसलीस म्हणे. बस.

तेलेसिया